नसलेल्या किडनीतला खडा

गुरुवार उजाडला की सावळखेडच्या शेषरावांच्या खळ्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. मेहकरहून, खामगावहून, पार जळगाव जामोदकडून गाड्या भरभरून माणसं यायची. कमरेला हात लावून वाकडी चालणारी, लघवी तुंबलेली म्हातारी, लघवीला आग होते हे नवऱ्यालाही न सांगितलेल्या बाया, सोनोग्राफीची पाकिटं काखेत मारलेले तरणे गडी. सगळ्यांचे डोळे खळ्याच्या टोकाच्या मांडवाकडे लागलेले. मांडवात गादीवर खडेमहाराज.

महाराजांची करणी बघत राहावी अशीच होती. रोग्याला कुशीवर झोपवायचं, कमरेवर ओलं पांढरं फडकं टाकायचं, फडक्यावर पितळी नळी टेकवायची. मग महाराज नळीला तोंड लावायचे आणि गाल आत जाईपर्यंत ओढायचे. डोळे पांढरे व्हायचे, मानेच्या शिरा फुगायच्या. ओढून झालं की बाजूच्या काशाच्या वाडग्यात थुंकायचे. टण्ण आवाज यायचा. वाडग्यात लाल थुंकी आणि तिच्यात खडा. ना चीर, ना टाका, ना भूल. मांडवात जयजयकार व्हायचा आणि चेला वाडगा घेऊन माणसांमधून फिरायचा, म्हणजे कोणाला शंका उरायला नको.

मधल्या वेळात महाराज उपदेश करायचे. "किडनी म्हणजे आत्म्याची चाळणी, बेटा. मागल्या जन्मीचं पाप चाळणीत अडकतं, त्याचा खडा होतो. डॉक्टरच्या मशीनला पाप दिसतं का? या नळीला दिसतं." सगळ्यांचंच पाप नेमकं हरभऱ्याच्या डाळीएवढं कसं, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

त्या गुरुवारी धम्मशीलाही खळ्याकडे आली, पण महाराजांसाठी नाही. ती याच गावची, एसटीत कंडक्टर होती. सकाळच्या गाडीला शेषरावांची बायको रुख्मिणी रोज भाजीचं गाठोडं घेऊन मेहकरच्या बाजाराला यायची आणि कंडक्टरच्या मागच्याच सीटवर बसायची. त्या सीटवर वर्षानुवर्षं दोघींची मैत्री पिकली होती. या आठवड्यात रुख्मिणी गाडीला आली नव्हती. धम्मशीलाला सुट्टी मिळाली तशी ती गर्दीतून वाट काढत खळ्यामागच्या घरात शिरली.

रुख्मिणी बाजेवर गोधड्या पांघरून पडली होती आणि गोधड्यांसकट हलत होती. अंगाला हात लावला तर चटका बसला. ओठ फुटले होते. लघवी होते का म्हणून विचारलं, तर थेंबथेंब होते आणि गढूळ होते म्हणाली. मग डोळे मिटून घेतले.

धम्मशीलाला सगळं एकदम कळलं. रुख्मिणीच्या उजव्या बाजूला खडा अडकला आहे, हे मेहकरच्या सोनोग्राफीत निघालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सर्जनला दाखवा म्हणून सांगितलं होतं. शेषरावांनी सर्जनऐवजी महाराज निवडले. मागच्या गुरुवारी महाराजांनी तिचा खडा सगळ्या गावासमोर ओढून काढला, कळ थांबली, आणि दरबारासाठी आपलं खळं दिल्याचं शेषरावांना सार्थक वाटलं. आता थंडी वाजून ताप आला होता.

किडनीच्या दुखण्याची ओळख धम्मशीलाला फार जवळून होती. तिचा धाकटा भाऊ संघर्ष. बीपी वाढलेलं कोणाच्या ध्यानात आलं नाही. पायावर सूज आली तेव्हा एका वैदूने किडनी धुणारी भुकटी दिली, आणि ती खात त्याने मोलाचे महिने घालवले. दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी धम्मशीलाने आपली डावी किडनी त्याला दिली. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं, चीर खाली ओटीपोटावर, निऱ्यांच्या आत. वरून बघणाऱ्याला कळायचं नाही. गावाला मात्र ठाऊक होतं, कारण ती इस्पितळातून आली त्या दिवशी शेषरावांसकट अर्धं गाव तिच्या दारात भेटायला आलं होतं.

तेव्हापासून ती पाण्याची बाटली सोडत नसे आणि लघवी दाबून ठेवत नसे. वाटेत गरज पडली की पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावायची. प्रवासी कुरकुरले तर म्हणायची, बाईच्या शरीरालाही तुमच्यासारखंच काम पडते, जरा दम धरा.

तिने तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर प्रेरणाला फोन लावला. प्रेरणाने दोनच प्रश्न विचारले, आणि तिचा आवाज बदलला. खडा लघवीच्या नळीत अडकलाय, मागे लघवी तुंबलीय, त्यात ताप आणि थंडी, म्हणजे तुंबलेल्या लघवीत पू झालाय. तो रक्तात उतरला तर माणूस हातचं जातं. संध्याकाळपर्यंतही थांबू नका. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, म्हणून मिळेल त्या गाडीने बुलढाण्याला न्या, मी तिथल्या इस्पितळाला कळवून ठेवते, असं तिने सांगितलं.

गाडी शेषरावांच्याच दारात उभी होती. धम्मशीलाने त्यांना मांडवातून बाजूला बोलावलं आणि डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. शेषराव वाईट माणूस नव्हते. बायकोच्या उशाशी रात्र काढल्याचं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण महाराजांनी बजावलं होतं की अंगातली पापाची उष्णता बाहेर पडते आहे, या काळात सुई टोचली तर खडा दुप्पट होऊन परत येईल.

"खडा निंघाला, धम्मा," ते म्हणाले. "मी ह्या डोयानं पाह्यला. आता डॉक्टर कशाचा खडा काढन?"

"भाऊ, ते मरून राह्यली."

"दरबार उठला की महाराज घरात येऊन पाह्यतो म्हनले." मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाले, "तुमी लोकं देव मानत नाही. तुमाले ह्यातलं कळनार नाही."

धम्मशीलाच्या कानशिलात रक्त चढलं. पण भांडण करून रुख्मिणी गाडीत बसणार नव्हती. घरातले दीर-पुतणेही शेषरावांच्या हुकमाशिवाय बाजेला हात लावायला तयार नव्हते. ती म्हणाली, "देवाचं इथं काय काम हाये, भाऊ? मी किडनीचं बोलून राह्यली." आणि तिथून निघाली.

दारात तिच्यामागून आलेला संघर्ष उभा होता. बसवलेल्या किडनीला संसर्ग चालत नाही, म्हणून गर्दीत येताना त्याने मास्क लावला होता. तिने त्याला काय ठरवलंय ते सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. एवढ्या लोकांत मारतील आपल्याला, म्हणाला. ती म्हणाली, मारू दे, पण त्याआधी त्यायनं पाह्यलं पाह्यजे.

मग ती कमरेच्या डाव्या बाजूला हात दाबून, वाकत, कण्हत मांडवात शिरली.

गावातल्या बाया बघतच राहिल्या. महाराजांना कालपर्यंत भोंदू म्हणणारी धम्मशीला रांगेत. चेल्याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्याने ती महाराजांच्या कानात घातली. न मानणारी बाई शरण आली, याहून मोठी जाहिरात कुठली? महाराजांनी रांग थांबवली आणि तिला पुढे बोलावलं. शेषरावांनाही बरं वाटलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले.

रांगेत होती तेवढ्या वेळात धम्मशीला महाराजांच्या तोंडाकडे बघत होती. चढत्या-उतरत्या गर्दीत कोणाच्या मुठीत काय आहे ते ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. नळी तोंडाला लावण्याआधी दरवेळी चेला चांदीच्या तबकातून एक विडा पुढे करायचा. महाराज तो गालात सारायचे, आणि मग त्यांचे शब्द बोबडे व्हायचे. थुंकून झालं की जीभ पुन्हा साफ. उपदेश नेहमी थुंकल्यानंतरच व्हायचा.

"बोल बेटी, कुठं दुखतं?" महाराजांनी विचारलं. चेल्याने माईक मध्ये धरला.

"डाव्या बाजूले, महाराज. पन नक्की कोनत्या किडनीत हाये ते तुमीच सांगा. मले कळत नाही."

महाराजांनी तिच्या डाव्या कुशीवर फडकं टाकलं, त्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "डावी किडनी," ते म्हणाले. "सुजली आहे. हाताला लागते. आत तीन खडे आहेत, एक टोकदार. बरं झालं वेळेत आलीस, नाहीतर ही किडनी गेली असती."

चेल्याने हे सगळं माईकवर पुन्हा म्हटलं. डावी किडनी, सूज, तीन खडे. सावळखेडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. खांबाला टेकलेले शेषराव सरळ उभे राहिले.

विडा गालात गेला. नळी टेकली. महाराजांनी ओढलं, डोळे पांढरे केले, आणि वाडग्यात थुंकले. टण्ण, टण्ण, टण्ण. बाहेरगावच्या माणसांनी जयजयकार केला. गावच्या माणसांनी केला नाही.

धम्मशीला उठून बसली. पदर सारखा केला. वाडगा उचलून मांडीवर घेतला आणि चेल्याच्या हातातला माईक काढून घेतला. गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तिचा आवाज होता, माईकची तशी गरज नव्हती.

"शेषराव भाऊ," ती म्हणाली, "माही डावी किडनी कोठी हाये?"

शेषराव वाडग्याकडे, मग महाराजांकडे बघू लागले.

"तुमी भेटाले आलते माह्या घरी. तुमाले माह्यीत हाये. सांगा ह्या लोकायले."

शेषरावांनी ओठ ओले केले. "संघर्षच्या पोटात," ते म्हणाले.

संघर्ष गर्दीतून पुढे आला. त्याने मास्क काढला, सदरा वर केला आणि ओटीपोटावरचा व्रण सगळ्यांना दाखवला. ताईची किडनी इथे बसवली आहे, तिच्यावरच मी जगतो, एवढंच तो बोलला. मागच्या रांगेने बघेपर्यंत सदरा त्याने खाली सोडला नाही.

"माह्या डाव्या बाजूले किडनीच नाही," धम्मशीला म्हणाली. "काढून नेल्याले वर्सं झाली. मंग हे तीन खडे कोठून आले? सूज कशाले आली?"

महाराज कच्चे नव्हते. त्यांनी हात वर केला आणि गंभीर आवाजात सांगितलं की स्थूल किडनी कापून देता येते, पण सूक्ष्म किडनी आत्म्याबरोबर जागेवरच राहते, खडे त्या सूक्ष्म किडनीतले आहेत. बाहेरगावच्या दोघातिघांनी मान हलवायलाही सुरुवात केली.

तेवढ्यात धम्मशीलाने तबकातला पुढचा विडा उचलला. चेला झडप घालायला आला, पण संघर्ष मध्ये उभा राहिला, आणि ज्याला किडनी बसवली आहे त्याला धक्का मारायची हिंमत चेल्याला झाली नाही. तिने लवंग काढली, पान उलगडलं आणि पहिल्या रांगेतल्या बायांसमोर तळहातावर धरलं. कात होता, चुना होता, आणि मधोमध तीन खडे. रस्त्याच्या कामावर पसरतात तसली बारीक गिट्टी.

"हे पाहा सूक्ष्म किडनी," ती म्हणाली. "पानात बांधलेली. रक्त नाही ते, कात हाये."

पहिल्या रांगेतल्या बाईने दुसरा विडा उचलून सोडवला. मग तिसरा, चौथा कोणीतरी. सगळ्यांत खडे. कुठे एक, कुठे तीन, पण सगळे हरभऱ्याच्या डाळीएवढे. महाराज गादीवरून उठून चपला शोधू लागले.

पुढे हाणामारीच झाली असती. ती धम्मशीलानेच थांबवली, कारण तिला मारामारीत वेळ घालवायचा नव्हता. महाराजांना बसवून ठेवा, पोलिसांना बोलवा, त्यासाठी कायदा आहे, असं तिने गावकऱ्यांना सांगितलं आणि वळून बघितलं, तर शेषराव मांडवात नव्हते. ते घराकडे धावत सुटले होते. ती पोचली तेव्हा ते रुख्मिणीला गोधडीसकट उचलून गाडीत ठेवत होते. गाडी त्यांनी स्वतःच चालवली. धम्मशीला मागच्या सीटवर रुख्मिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिला झोपू न देण्यासाठी एसटीतल्या गमती सांगत राहिली. चिखलीच्या पुढे रुख्मिणीने उत्तर देणं बंद केलं, तेव्हा गमती सोडून ती तिला नावाने हाका मारू लागली.

बुलढाण्याच्या इस्पितळात वेळ गमावला गेला नाही. फोटोत खडा दिसला, अगदी पहिल्या सोनोग्राफीत होता तिथेच. महाराजांच्या पितळी नळीने तो जागचा हललाही नव्हता. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेने आत बारीक नळी सरकवली, तसा अडलेला पू वाहू लागला. रक्तदाब इतका खाली गेला होता की ती रात्र काढेल याची खात्री कोणी दिली नाही. शेषराव दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना धीर द्यावा असं धम्मशीलाला वाटलं नाही, पण चहाचा कप मात्र तिने त्यांच्या हातात दिला.

रुख्मिणी वाचली. ताप उतरायला बरेच दिवस लागले. खडा नंतर दुर्बिणीने काढला, आणि तो तपकिरी, खरखरीत, तांदळाच्या दाण्याएवढा होता. गिट्टीशी त्याचं कसलंच नातं नव्हतं.

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्यांच्या भक्तांपैकी काहीजण मेहकरच्या गाडीत चढून धम्मशीलाला शापाच्या धमक्या देऊन गेले. तिने त्यांची तिकिटं फाडली आणि सांगितलं, "एका किडनीवर जगून राह्यली मी. तुमच्या शापाले भिऊन दुसरी काढून देनार नाही."

रुख्मिणी घरी आल्यावर त्याच खळ्यात सभा झाली. मांडव शेषरावांनी स्वतः उपटला होता, म्हणून माणसं लिंबाखाली बसली. डॉक्टर प्रेरणाने साध्या शब्दांत सांगितलं. किडन्या पाठीमागे, बरगड्यांच्या खाली असतात, मुठीएवढ्या. अंगातलं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्यातून गाळून निघतं. घाण आणि जास्तीचं पाणी लघवी होऊन बारीक नळ्यांनी पिशवीत उतरतं. पाणी कमी पडलं की क्षार साचून खडा धरतो. कमरेच्या कातडीतून किडनीपर्यंत एकही वाट नाही, मग नळीने ओढणार कुठून? एका म्हाताऱ्याने हरकत घेतली की मला तर महाराजांच्या हाताने आराम पडला. प्रेरणा म्हणाली, अडकलेल्या खड्याची कळ येते तशी जातेही, लघवीची नळी आवळून आवळून दमली की दुखणं थांबतं. बारीक खडा पुष्कळ पाण्याने आपसूक पडतो. महाराज पाणी भरपूर प्यायला सांगायचे ना, मग श्रेय पाण्याला द्या. म्हाताऱ्याला पटलं नाही. सोनोग्राफीला मात्र तो गेला.

लघवीला आग होणं, लघवीत रक्त, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज, थंडी वाजून ताप, यातलं काहीही दिसलं तर लाजू नका, आणि शुगर-बीपी तपासत राहा, असंही तिने सांगितलं. तेव्हा बायांमधून हळूच उत्तर आलं की आम्ही पाणीच पीत नाही, बाजारात आणि वावरात जायला आडोसा कुठे आहे? यावर पुरुष खाली बघू लागले. बायांनी मात्र खाली बघितलं नाही. बाजाराच्या जागेवर बायांसाठी संडास-मुतारी बांधल्याशिवाय ग्रामसभेतून उठायचं नाही, असं तिथल्या तिथे ठरलं, आणि ते बोलणारा पहिला आवाज धम्मशीलाचा होता.

शेवटी कोणी न सांगता रुख्मिणी उभी राहिली. चार माणसांत ती कधी बोलली नव्हती. एका हाताने तिने लिंबाचा आधार घेतला होता.

"मी सांगत होती, मले ताप हाये," ती म्हणाली. "कोनी आयकलं नाही. समद्यायनं वाडग्यातला खडा पाह्यला. माह्याकडं कोनी पाह्यलं नाही."

शेषराव पुढच्याच रांगेत होते. ती त्यांच्याकडे बघूनच बोलत होती.

"पुढं कोनी चमत्कार घेऊन आला तं त्याले इचारा, कोठून काढला, कोन्या वाटेनं काढला, परत तपासून दाखोतो काय. त्याले राग आला तं खोटं हाये समजा. अन् इचारून होयेपर्यंत घरातलं दुखनारं मानूस दवाखान्यात न्या. मले जगायचं होतं. मले कोनी इचारलं नव्हतं."

ती खाली बसली. शेषराव उठले, पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला, आणि ती पिऊन होईपर्यंत तसेच उभे राहिले.